चार अंडी, त्यातलं एक परकं

लाँड्रीतून कपडे येतात ना बारीक तारेच्या हँगरवर, तसला एक हँगर आमच्या बाल्कनीतल्या दोरीवरून गेला, शर्ट खाली पडलेला आणि हँगर गायब, मी आधी मुलावर ओरडले मग नवऱ्यावर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना चोर रंगेहाथ सापडला. कावळा. दुसऱ्या हँगरला चोचीने असा हिसडत होता जसं काही त्याचं डिपॉझिट अडकलंय आमच्याकडे. हुक काही निघेना, मग त्याने मान खाली घालून खालची दांडी धरली, वर ढकलली, आणि हुक सुटला बरोब्बर. झोकांड्या खात, दोनदा खाली जाऊन परत वर येत तो समोरच्या सोनमोहरावर पोचला आणि तिथे बघितलं तर माझा आधीचा हँगर, कुठल्यातरी केबलचा तुकडा, झाडूच्या काड्या आणि थोड्या खऱ्या काटक्या, असा सगळा संसार मांडायला घेतलेला.

ही २०२५ च्या एप्रिलच्या शेवटची गोष्ट. आम्ही ठाण्यात मानपाड्याला राहतो, चौथा मजला. बेडरूमची खिडकी पश्चिमेला, समोर सोनमोहर आणि त्याच्या मागे दोन टॉवरच्या फटीतून येऊरच्या डोंगराचा एक तुकडा दिसतो (ब्रोशरमध्ये हिल व्ह्यू लिहिलं होतं तो हाच तुकडा). उन्हाळ्यात सासूबाई आमच्याकडे असतात. गाव मुरबाडकडचं, भाताची शेती, रोहिणी लागल्या की त्यांचा जीव इथे रमत नाही आणि मृगाच्या आत गावी पोचलंच पाहिजे असा त्यांचा नेम. मी त्यांना हँगरचं सांगितलं, वाटलं हसतील, पण त्या चष्मा शोधत खिडकीशी आल्या आणि पहिला प्रश्न केला, "कुठल्या अंगाला बांधतोय गं?"

मला कळेना. म्हटलं आई, झाडावर बांधतोय.

"अगं झाडाच्या कुठल्या अंगाला? उगवतीला की मावळतीला?"

मग मला सगळं शास्त्र ऐकायला मिळालं. कावळ्याने झाडाच्या पूर्वेच्या फांदीवर घरटं केलं तर पाऊस चांगला, पश्चिमेला केलं तर बेताचा, आणि दक्षिणेला नाहीतर उत्तरेला केलं तर काही खरं नाही. झाड पण बघायचं. आंबा, करंज असलं तर उत्तम, बाभूळ, खैर, सावर असली काटेरी झाडं धरली तर पाऊस कमी. उंची पण बघायची, मध्यावर पानांच्या आत दडवून बांधलं तर भरपूर पडणार म्हणून आडोसा घेतलाय, आणि अगदी शेंड्यावर उघड्यावर बांधलं तर समजायचं की त्याला पावसाची भीतीच नाही, म्हणजे दुष्काळ. शेवटी अंडी. चार असली तर सुकाळ, दोन असली तर जेमतेम, एकच असलं तर पेरणी जपून.

हे फक्त आमच्या गावचं खूळ नाहीये बरं का. मारुती चितमपल्लींनी जंगलातल्या लोकांकडून ऐकलेले असे कितीतरी ठोकताळे लिहून ठेवलेत, आणि त्याच्याही मागे जायचं तर सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत कावळ्यावर अख्खा अध्याय आहे. वैशाखात चांगल्या धडधाकट झाडावर घरटं असेल तर सुकाळ, काटेरी किंवा वाळलेल्या झाडावर असेल तर दुष्काळ, फांदीच्या दिशा, पिल्लांची संख्या, सगळं त्यात आहे. दोन, तीन, चार पिल्लं चांगली. आणि पाच झाली तर राजा बदलतो! मी हे वाचून दाखवल्यावर नवरा म्हणाला, पाच होऊदेत बाबा, आमच्या सोसायटीचा चेअरमन नऊ वर्षं बसलाय.

आमचं घरटं तर खिडकीसमोर, म्हणजे झाडाच्या आमच्याकडच्या बाजूला. मुलाने मोबाईलवर कंपास लावून खात्री केली, पूर्व. सासूबाई खूश. उंची मध्यावर, तेही बरोबर. घोडं अडलं ते झाडावर, कारण सोनमोहर हे झाड काही त्यांच्या यादीत नाही, ते रस्त्याच्या कडेला आणि सोसायट्यांमध्ये लावायला म्हणून बाहेरून आलेलं झाड. काटे आहेत का? नाहीत. फुलं पिवळी, बहाव्यासारखी? हो थोडी तशीच. मग बहाव्यात धरा म्हणाल्या, आणि बहावा म्हणजे पावसाचंच झाड, तो पुरता फुलला की पंचेचाळीस दिवसांत पाऊस असं गावाकडे म्हणतात. असं करून आमच्या सोनमोहराला बढती मिळाली.

नवऱ्याचा या सगळ्यावर काडीचा विश्वास नाही. त्याचं एकच वाक्य, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पण मला मात्र नाद लागला. रोज सकाळी ऑफिसला निघायच्या आधी फोनचा झूम करून फोटो, आणि रात्री आई-सून मिळून रिव्ह्यू मीटिंग.

भांडं फुटलं ते लिफ्टमध्ये नोटीस लागली तेव्हा. "पावसाळापूर्व झाडांची छाटणी, गाड्या काढून घ्याव्यात." दरवर्षी बरोबर मे महिन्यात, म्हणजे जेव्हा झाडाझाडावर घरटी असतात तेव्हाच आपल्याला फांद्या आठवतात. पडणाऱ्या फांदीची भीती मला कळते, माणसं दगावतात, पण हे काम जानेवारीत करायला काय होतं? मी खाली गेले. कॉन्ट्रॅक्टरची माणसं दोरखंड आणि करवत घेऊन तयार, सेक्रेटरी म्हणे, "मॅडम, कावळाच तर आहे." म्हटलं काका, कावळा पूर्वी वन्यजीव कायद्याच्या उपद्रवी यादीत होता, उंदरांच्या पंगतीत, पण २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकलीय. खरं तर त्या माणसांनीच वर बघून आपणहून सांगितलं की अंड्यावर बसलेल्या कावळ्याच्या झाडावर आम्ही चढत नाय, टोचा मारून डोकं फोडतो. कायद्यापेक्षा टोचा कामाला आला.

आणि तिथे उभी राहून मान वर करून बघताना मला जे दिसलं त्याने आमचं अर्धं भविष्य उडालं. झाडाला पश्चिमेच्या बाजूला फांद्याच नव्हत्या. मागच्या वर्षी पार्किंगवर येतात म्हणून तिकडच्या सगळ्या साफ करून टाकलेल्या, नुसते सोंड कापल्यासारखे बुंधे. कावळा पूर्वेला बांधणार नाही तर काय करणार? उरलीच होती तेवढी बाजू. त्यात अजून एक, मला फक्त माझ्या खिडकीसमोरचं घरटं दिसतं. समोरच्या विंगमधल्या मैत्रिणीला विचारलं तर तिच्या किचनसमोर बदामाच्या झाडावर अजून एक होतं, तिच्याकडच्या बाजूला, म्हणजे चक्क पश्चिमेला. म्हणजे एकाच कंपाउंडमध्ये आमच्याकडे सुकाळ आणि तिच्याकडे बेताचा. पाऊस किती पडणार हे तुम्ही फ्लॅट कुठल्या विंगमध्ये घेतलाय त्यावर.

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "गावाकडे झाडाला चारी अंग असतात. तुमच्याकडे झाडच अर्धं." यावर काय बोलणार.

पण पूर्वेचं हे अगदीच हवेतलं नाहीये. आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी समुद्राकडून सुटतो तोही पश्चिमेचाच. मग झाडाच्या पूर्वेला बांधलं की मधे अख्खं झाड आडोशाला. हे सगळ्यात छान सुगरणीच्या घरट्यांवर दिसतं. आमच्या गावच्या विहिरीवर वाकलेली एक बाभूळ आहे (कावळ्याने धरली तर अपशकुन, सुगरणीने धरली तर शोभा, असा न्याय), तिच्या पूर्वेच्या फांद्यांना वीस-पंचवीस खोपे लटकतात आणि पश्चिमेला एखाददुसरा. वारा आला की सगळी बाभूळ घुसळून निघते आणि खोपे मात्र आडोशाला नुसते झुलतात.

सुगरणीचं अजून एक सांगायचं म्हणजे नाव बाईचं आणि काम बाप्याचं. विणतो नर. ओल्या हिरव्या पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडून लांब दोरा ओढून काढतो आणि शेकडो फेऱ्या मारून गाठी मारत मारत खोपा करतो, पण अर्धाच, हेल्मेटसारखा. मग माद्या बघायला येतात, आत जातात, ओढून बघतात, एकदम साईट व्हिजिट. पसंत पडला तर ती आत राहते, तो खालची नळी विणून पूर्ण करतो, तिने अंडी घातली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरा खोपा सुरू करतो दुसरीसाठी. ही भानगड सलीम अलींनी अलिबागजवळ किहीमला बसून बघितली आणि १९३१ मध्ये छापली. तोवर सगळ्यांना वाटायचं एक जोडपं एक खोपा. आणि गवताचा ताजा लांब दोरा पाऊस पडल्याशिवाय मिळत नाही, म्हणून सुगरण पावसाच्या आधी नाही तर पावसाबरोबर कामाला लागते. तिला भविष्य सांगायची गरजच नाही.

टिटवीचं पण ऐकून घ्या. माझं ऑफिस ऐरोलीला. पार्किंगच्या मागे बांधकामाची खडी टाकलेली, एक चांगला पुरुषभर उंच ढीग, वर सपाट, आणि त्यावर मे महिन्यात टिटवीने अंडी घातली. घरटं कसलं, खडीत एक खळगा आणि कडेला चार खडे. अंडी अशी की बोट दाखवलं तरी दिसत नाहीत, खडीच्याच रंगाची, वर काळे डाग, टोकं आत करून ठेवलेली. कोणी दहा पावलांवर आलं की दोघं डोक्यावरून टिव टिव करत झेपावणार. सिक्युरिटीवाल्यांनी पार्किंगचे चार लाल कोन आणून भोवती लावले, आणि मग त्या बाजूला कोणी फिरकलं नाही, साहेबांची गाडी सुद्धा. भर दुपारी एकदा बघितलं तर एसीच्या पाण्याचं डबकं होतं तिथे जाऊन ती पोटाची पिसं भिजवून परत आली आणि अंड्यांवर बसली. ऊब नाही, गारवा द्यायला. उन्हात खडी हाताला चटके देत होती.

टिटवीचा ठोकताळा कावळ्याच्या उलटा. तिने उंचावर अंडी घातली तर पाऊस जोरदार, नदीच्या पात्रात घातली तर पाणी तिथवर येणारच नाही, म्हणजे कमी. आणि अंडी किती तितके महिने पाऊस. आता गंमत अशी की टिटवी बहुतेक वेळा चारच घालते, म्हणजे चातुर्मास दरवर्षी पास. संध्याकाळी फोटो दाखवला तर सासूबाई म्हणाल्या, "उंचावर? मग यंदा सांभाळून." एरवी टिटवी रात्री ओरडली तर त्या देवाचं नाव घेतात, कोणीतरी जाणार म्हणून, पण अंड्यांचं कौतुक. टिटवीही समुद्र आटवते अशी आपल्याकडे म्हण आहेच. ऐरोलीला खाडीच्या काठावर खडीच्या ढिगावर बसलेली ती बाई बघितली की म्हण पटते.

कावळ्याकडे परत येते. मेच्या मध्यावर अंडी दिसली. निळसर हिरवी, तपकिरी ठिपक्यांची, मादी जरा उठली की झूममध्ये मोजायची, एक, मग दोन, तीन, आणि एका सकाळी चार. सासूबाईंनी चक्क देवाजवळ साखर ठेवली. तोवर हवामान खात्याने एप्रिलमध्ये सरासरीच्या १०५ टक्के पाऊस सांगितलेला तो मेमध्ये १०६ केला, त्यांच्याकडे समुद्राचं तापमान, एल निनो आहे की नाही असली सगळी गणितं. आमच्याकडे हँगर.

आणि मग पाऊसच आला. वळीव आधी दोन-तीनदा येऊन गेलेलाच, पण २४ मेला केरळात आणि २६ मेला थेट मुंबई-ठाण्यात मान्सून. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून, म्हणजे दोन आठवडे आधी, पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर नाही. सासूबाईंची गावी जायची बॅगसुद्धा भरलेली नव्हती, भातासाठी राब करायचं बाकी होतं. फोनवर फोन.

त्या सकाळी मी खिडकीशी बराच वेळ उभी होते. पाऊस आडवा येत होता, सोनमोहर घुसळत होता, पिवळ्या पाकळ्यांचा चिखल काचेवर चिकटलेला. मादी घरट्यावर पंख अर्धवट पसरून बसलेली, मानेची राखाडी पिसं भिजून चिकटलेली, त्यामुळे मान एवढीशी दिसत होती, आणि चोचीच्या टोकाला एक थेंब जमायचा, लोंबायचा, पडायचा, परत जमायचा. ती हलली नाही. नर मधेच यायचा, काहीतरी भरवायचा, पाव असावा, आणि जायचा. मला आपलं सारखं वाटत होतं की हिला जर पाऊस कळत असता तर ही पंधरा दिवस आधी नसती का बसली? सासूबाईंना म्हटलं तसं. त्या बॅग भरत होत्या. "पाऊस चांगला हे तिने सांगितलं. कधी ते कुठे सांगितलं होतं?"

पिल्लं बाहेर आली त्यातलं एक बाकीच्यांच्या तीन-चार दिवस आधी आलं आणि त्याचा आ तेव्हाच सगळ्यात मोठा. जूनमध्ये पिसं फुटायला लागली तसा घोटाळा दिसायला लागला. दोघं काळी-राखाडी, आणि तिसऱ्याच्या अंगावर पांढरट ठिपके. कोकीळ! चौथ्या अंड्याचं काही झालंच नाही. आता आठवलं की मेमध्ये एक काळा लालडोळ्या कोकीळ घरट्यासमोर येऊन मुद्दाम ओरडायचा आणि कावळे त्याच्या मागे लागायचे, आम्हाला वाटायचं काय भांडकुदळ कावळे आहेत. ते सगळं नाटक, तेवढ्यात ठिपक्यांची मादी मागच्या दाराने येऊन अंडं टाकून गेलेली. कोकिळेचं अंडं तेरा-चौदा दिवसांत फुटतं आणि कावळ्याचं सोळा-सतरा, त्यामुळे पाहुण्याला पहिल्या पंगतीत जागा. येऊरला रविवारी गेलं की जो पावश्या "पेरते व्हा, पेरते व्हा" करून डोकं उठवतो तो पण याच खानदानातला, तो सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो. जगाला पेरायला सांगतो आणि स्वतःचं दुसऱ्याच्या शेतात.

म्हणजे आमची चार अंडी मुळात तीन होती. आणि कधीकधी कोकिळा अंडं घालताना कावळ्याचं एखादं काढून पण टाकते, तेव्हा मुळात किती होती देव जाणे. सुकाळाचा हिशेब सगळा परक्याच्या अंड्यावर. मी हे उत्साहाने गावी फोन करून सांगितलं. त्या आवणीच्या गडबडीत, मागे बायकांचा गलका. म्हणाल्या, "धरायचं की कोकिळेचं पण. तिला काय पाऊस कळत नाही?"

वर्ष कसं गेलं ते तुम्हाला माहितीच आहे. देशात सरासरीच्या १०८ टक्के पाऊस, म्हणजे कावळा पास, हवामान खातं पण पास. पण सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात, सोलापूर-धाराशिव-बीडकडे पिकंच काय, शेतातली माती वाहून गेली. आमच्याकडे तर ऑक्टोबर संपत आला तरी पडतोय, दिवाळीनंतर कापलेलं भात खाचरात भिजत पडलं आणि लोंब्यांना कोंब फुटले. नवऱ्याने ते फोटो बघितले आणि त्याचं ते फांदीचं वाक्य पहिल्यांदाच तोंडातच ठेवलं. सासूबाईंनी कावळ्याचा विषय त्यानंतर काढला नाही, आणि मीही नाही.

यंदा परवा दोरीवरचे हँगर मोजले, एक कमी. बाल्कनीत दबा धरून बसले तर तोच उद्योग, खालून दांडी उचलायची आणि हुक सोडवायचा, म्हणजे तोच असणार, इतकं सफाईने दुसरा कोण करेल. संध्याकाळी गावी फोन लावला आणि शेवटी न राहवून सांगितलंच. आई, कावळ्याने सुरुवात केलीय, पण सोनमोहरावर नाही यावेळी, समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर आहे ना, त्याच्यावर बांधतोय.

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही, मला वाटलं रेंज गेली.

मग म्हणाल्या, "कुठल्या अंगाला?"